ब्रूडर विझला तो दिवस

आमच्या घरी पिलं आली ती रेल्वेनं. दौंडपर्यंत रेल्वेनं आणि तिथून पुढं शिरूरपर्यंत एसटीनं, दादांच्या मांडीवर बसून. दादा म्हणजे माझे वडील. ते दौंडच्या लोकोशेडमध्ये, रेल्वेच्या इंजिनांच्या दुरुस्तीला, फिटर होते. आठवडाभर तिकडं चौघांच्या खोलीत राहायचे आणि सुट्टी लागली की न्हावऱ्यावरून येणारी गाडी धरून घरी यायचे. पिलं कुठून तरी दक्षिणेकडून एक्स्प्रेसच्या पार्सलच्या डब्यातून आली होती, भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यांत, नुकतीच अंड्यातून बाहेर पडलेली. एसटीच्या कंडक्टरनं खोक्यात काय आहे म्हणून विचारलं, तेव्हा भाड्याची भानगड नको म्हणून दादांनी मशीनचे पार्ट आहेत असं सांगितलं. नेमके तेव्हाच मशीनचे पार्ट चिवचिवायला लागले. गाडीत हशा पिकला. कंडक्टरनं एका भोकातून बोट आत घालून बघितलं, पिलानं ते टोचलं, आणि त्यानं घंटी मारली. मग खिडकीतून वारं लागतंय म्हणून बायकांनी खोकी आतल्या बाजूला आपल्या पायांशी घेतली, एकीनं वरून शाल टाकली, आणि शिरूर येईपर्यंत अख्ख्या गाडीला माहीत झालं होतं की फिटर गायकवाडांच्या बायकोनं कोंबड्या पाळायचं काढलंय.

काढलं होतं खरं. तोवर आई दुसऱ्यांच्या वावरात जायची. कांदा लावायला, खुरपायला, काढायला, आणि दसरा-दिवाळीच्या दिवसांत घोडनदीच्या काठच्या मळ्यांत शेवंती तोडायला. त्या वर्षी पंचायत समितीकडून बायकांसाठी कोंबडीपालनाचा वर्ग निघाला, पुण्याला, थोड्या दिवसांचा. आमच्या वस्तीतनं आई एकटीच गेली. जाताना गप्प गेली आणि येताना तोंडात नवेनवे शब्द घेऊन आली. लिटर, फीड, ब्रूडर. आमच्या आत्याला हे शब्द ऐकून भारी राग यायचा. आत्या म्हणजे दादांची थोरली बहीण. नवरा वारल्यापासून ती आमच्याकडंच असायची आणि चुलीचा सगळा कारभार तिच्याच हातात होता. भुशाला भुसा म्हणायला काय जड जातंय का, असं ती विचारायची. पण आईनं तिला एकदाच शांतपणे सांगितलं होतं की वन्सं, ही पिलं जगली तर मी परत कुणाच्या बांधावर जाणार न्हाई. त्यावर आत्या परात पुढं ओढून भाकऱ्या थापायला लागली होती. ती स्वतः तरुणपणी किती बांधांवर राबली होती, ते घरात सगळ्यांना माहीत होतं.

एवढ्याशा पिलांना आईच्या पंखाखालची ऊब लागते. आमच्या पिलांना आई नव्हती, म्हणून दादांनी ती पत्र्याची करून दिली. आईनं पुण्यात बघितलेला ब्रूडर अंगणातल्या मातीत काडीनं काढून दाखवला आणि दादांनी पिलं यायच्या आधीच एकापाठच्या एक सुट्ट्या खर्चून तो उभा केला. घरामागं पत्र्याची शेड होती. तिच्या आढ्याला साखळीनं एक मोठी पत्र्याची छत्री टांगली, छत्रीखाली मधोमध गोल बर्नर, आणि पिलू आत शिरून भाजू नये म्हणून त्याच्याभोवती जाळी. भिंतीवर उंच फळी ठोकून तिच्यावर रॉकेलचा डबा. डब्याच्या बुडातून तांब्याची बारीक नळी निघून बर्नरपर्यंत यायची, मध्ये एक कॉक. डबा उंचावर आणि बर्नर खाली, त्यामुळं स्टोव्हसारखा पंप मारायला नको, रॉकेल आपल्या वजनानंच उतरायचं. डब्याला जुन्या बाजारात मिळालेलं पितळेचं आट्यांचं झाकण होतं. पेटवला की ब्रूडर बारीक आवाजात भुरभुरत राहायचा. छत्रीच्या कडेनं पिवळी पिलं गोल करून पडायची. पोटं भरलेली, पाय पसरलेले, काही तर मान भुशात टाकून अशी झोपायची की पहिल्या दिवशी ती मेली समजून मी घाबरले होते. समाधानात असलेल्या पिलांचा एक आवाज असतो, बारीक, एकसारखा, कुणी लांबवर पोरासोरांत गप्पा मारत बसल्यासारखा. तो आवाज घरभर भरून राहायचा. आजही मला झोप येत नसली की मी तो आठवून बघते.

आत्याचं म्हणणं एवढंच होतं की भाकरीला रॉकेलचा वास मारतोय. तिचं नाक भारी तिखट. शेजारी फोडणी पडली की त्यांनी मसाल्यात काय कमी घातलंय ते ती इकडं बसून सांगायची. आमच्या चुलीची भिंत आणि शेडची भिंत एकच, वरून वाशांतून हवा खेळती, त्यामुळं तिचं म्हणणं खोटं नसणार. पण बाजरीची गरम भाकरी, वर तिळाची चटणी आणि कच्चं तेल असं पुढ्यात आल्यावर आम्हाला कसलाच वास यायचा नाही. आम्ही खायचो आणि ती आमच्याकडं बघत राहायची.

त्यातच वरवंडच्या मामाचा निरोप आला. मामा म्हणजे आईचा धाकटा भाऊ. त्याच्या ओळखीतली माणसं मला बघायला येणार होती. मुलगा चिंचवडला कंपनीत लागलेला, वडील शाळामास्तर, घरचं सगळं बरं. मी त्या वर्षी मॅट्रिक झाले होते आणि घरीच होते. पुढं काय, हे कुणी उघड विचारत नव्हतं. मीही विचारत नव्हते. गावात कॉलेज होतं, सायकलीवरून पोरं जाताना दिसायची, त्यांत एखाददुसरी मुलगीही असायची, आणि मी अंगणात वाळत घातलेल्या कपड्यांच्या आडून बघायची. पण स्थळ आलं म्हटल्यावर आई म्हणाली बघून तर जाऊ देत. पाहुणे संध्याकाळी येणार, तोवर दादाही दौंडहून येतील, असं ठरलं. आत्यानं पोहे निवडून ठेवले. माझ्यासाठी केडगावला दिलेल्या थोरल्या बहिणीची अबोली रंगाची साडी मागवून घेतली होती.

थंडी त्या वर्षी कडक होती. पाहुणे यायच्या दिवशी सकाळी मी चुलीपुढं बसून दात घासत होते, आणि शेडमधून येणारा आवाज बदलला. एकसारखा होता तो टोकदार झाला. चिव, चिव, चिव, प्रत्येक पिलू वेगवेगळं आणि एकाच वेळी ओरडत होतं. आई माझ्याआधी आत धावली. ब्रूडर विझला होता. पिलं छत्री सोडून कोपऱ्यात एकावर एक चढली होती, ऊब शोधत, आणि खालची वरच्यांच्या भाराखाली दबत होती. आईनं दोन्ही हात त्या पिवळ्या ढिगात घातले आणि ती पिलं मोकळी करायला लागली. तळाची काही निपचित निघाली. त्यांना तिनं फडक्यानं झाकून बाजूला ठेवलं, आणि मला म्हणाली, "काडी आण."

काडी लावली, ब्रूडर पेटला. आम्ही हुश्श केलं. डबा बघितला तर रॉकेल निम्म्याच्या खाली, म्हणून आईनं तो काठोकाठ भरून झाकण घट्ट लावलं. पिलं छत्रीखाली परत आली. मग माझ्या डोळ्यांदेखत ज्योत निळ्याची पिवळी झाली, बारीक झाली, जरा थरथरली आणि गेली. परत पेटवली, तर पेटेचना. डबा भरलेला, कॉक उघडा, आणि वात कोरडी. आईनं पुण्याला ब्रूडर कसा पेटवायचा ते शिकून घेतलं होतं, पण बंद पडला तर काय, तिथवर वर्ग गेलाच नव्हता. दादा पहिल्या दिवशी पेटवून, कॉक कुठं फिरवायचा ते दाखवून, गाडी चुकेल म्हणून धावत गेले होते.

पिलांना ऊब तर लगेच पाहिजे होती. आत्या म्हणाली चुलीपुढं आणा, पण चुलीपुढं जागा ती केवढी आणि धूर किती. मला एकदम गल्लीच्या तोंडाची बेकरी आठवली. करीमचाचांची बेकरी. पहाटे भट्टी पेटलेली असायची आणि तिच्या पाठीमागची भिंत दिवसभर हाताला गरम लागायची, हे मला माहीत होतं, कारण थंडीत पाव आणायला गेले की मी मुद्दाम त्या भिंतीला टेकून उभी राहायची. आम्ही पिलं परत पुठ्ठ्याच्या खोक्यांत भरली, वर साडी बांधली, आणि मी आणि आई खोकी डोक्यावर घेऊन निघालो. चाचा पाव काढत होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, भट्टीमागच्या फळीवरचे रिकामे ट्रे उचलले आणि म्हणाले, "रखो इधर. पण खारीत उड्या मारू देऊ नका, गिऱ्हाईक माझ्या नावानं ओरडंल." थोड्याच वेळात खोक्यांतला कालवा कमी झाला. नानकटाईच्या वासात ती पिलं इतकी गाढ झोपली की पाव घ्यायला आलेली माणसं खोक्यात डोकावूनच पुढं जायला लागली.

आता प्रश्न ब्रूडरचा. बाजारात स्टोव्ह दुरुस्त करणारा एक बाबू होता. मी त्याला घेऊन आले. त्यानं वात बघितली आणि बघताक्षणी सांगितलं की वात जळालीय, दुसरं काही न्हाई. त्याच्याकडं होती ती नवी वात त्यानं घातली, डबा उघडून रॉकेल किती आहे बघितलं, पेटवलं. झकास पेटला. बाबूनं चहा घेतला, आईला वात कशी कातरायची ते सांगितलं, पिशवी उचलली आणि गेला. तो वळणावर दिसेनासा होतोय तोवर ब्रूडर विझला. मी त्याला हाक मारायला निघाले, तर आईनं थांबवलं. ती डब्याकडं बघत होती. पुण्यातल्या बाई म्हणाल्या होत्या, रॉकेलमध्ये पाणी असलं तर ते खाली बसतं, एवढं तिला आठवलं. आम्ही नळी सोडवून तळाचं थोडं काचेच्या बाटलीत घेतलं, उजेडात धरलं, आणि खरंच, खाली पाण्याचा एक मणी हलत होता. आईचं तोंड उजळलं. सगळं रॉकेल फडक्यातून गाळलं, पाणी टाकून दिलं, डबा पुसला, भरला, पेटवला. निळी ज्योत, भुरभुर आवाज. मी धावत बेकरीवर गेले, निम्मी पिलं घेऊन आले, छत्रीखाली सोडली. ती पांगली, टोचाटोची करायला लागली. आणि ज्योत पिवळी झाली.

निम्मी पिलं परत बेकरीवर गेली. चाचांनी या वेळी काही न विचारता ट्रे सरकवले.

मग नळी. डबा उघडून ओतून घेतला, नळी पूर्ण काढून मी एका टोकानं तोंडानं फुंकली. दुसऱ्या टोकाला आईनं तळहात धरला होता, तिला हवा लागली. नळी साफ होती. तरी आम्ही तिच्यातून तार घातली, परत फुंकली, तोंडात रॉकेलची चव घेऊन मी अंगणात थुंकत राहिले. बसवली, पेटवली, पेटली, विझली. प्रत्येक वेळी आम्हाला वाटायचं, सापडलं. प्रत्येक वेळी थोडा वेळ ते खरंही असायचं. आता माझ्या घरी काही बिघडलं तर दुरुस्तीवाला मुलगा येतो, न बघताच अमुक पार्ट गेलाय म्हणतो, नवा लावतो आणि जातो. ते चाललं तर त्याला कारण कधीच कळत नाही, आणि मलाही नाही. तसं चालून गेलं असतं तर त्या दिवशी मलाही काही कळलं नसतं.

पाहुणे संध्याकाळी यायचे ते दुपारीच आले. वरवंडहून भाजीचा टेम्पो इकडं निघाला होता, मामानं तोच धरला. मी शेडमध्ये गुडघ्यांवर बसलेले, परकराला काजळी, कपाळाला काजळी, हाताला रॉकेल. अबोली साडी पेटीत. दारात जय भीम झाला आणि मामानं आत डोकावून मला बघितलं. त्याच्या तोंडाकडं बघून मला हसू आलं, पण हसायची सोय नव्हती. आईनं पाहुण्यांना काय झालंय ते सरळ सांगून टाकलं. पोहे करायला स्टोव्ह नव्हता, कारण त्याची पिन बर्नर साफ करायला आणि चामडी वायसर नळीच्या सांध्याला लावायला आम्ही सकाळीच काढून घेतली होती, आणि चुलीवर पिलांसाठी म्हणून पाण्याचं पातेलं चढलेलं. शेवटी चहा तिथंच कडेला झाला आणि खारी बेकरीवरून आली. खारीबरोबर चाचांनी निरोप पाठवला की संध्याकाळच्या पावाच्या घाण्यासाठी फळी मोकळी लागेल, तोवर पिलांचं काय ते बघा.

मुलाची आई, तिचं नाव मला नंतरही कधी कळलं नाही, ती मोठी छान बाई होती. चहा अर्धा ठेवून ती मामाबरोबर बेकरीवर गेली आणि एक खोकं स्वतः घेऊन आली. ओट्यावर मांडी घालून बसली, पदर पसरला, आणि म्हणाली, "द्या हिकडं. आमच्या माहेरी व्हती कोंबडी." तिच्या पदरात पिलं, आत्याच्या पदरात पिलं. दोघींच्या मांड्यांवरून चिवचिव चालू होती. मास्तरांनी शेडची पाहणी केली. त्यांचं म्हणणं पडलं की पत्र्याच्या फटीतून वारं येतंय आणि ज्योत त्यानं विझतेय. मामानं आणि त्यांनी फटींना पोती लावली. मी परत एकदा डबा बघायला वर चढले, झाकण काढलं, आणि ते ठेवायला जागा नव्हती म्हणून मागं उभा होता त्याच्या हातात न बघताच दिलं. "धरा जरा," म्हणाले. तो मला बघायला आलेला मुलगा होता. त्याच्याशी मी बोललेला हा पहिला शब्द. नव्या टेरेलिनच्या शर्टात तो पिलांपासून जरा लांब, अंग चोरून उभा होता. पिलांना तो घाबरत होता, हे आम्हा सगळ्यांच्या लक्षात आलं होतं. पण झाकण मात्र त्यानं दोन्ही हातांनी नीट धरलं.

रॉकेल घातलं, पेटवलं, खाली उतरले. ज्योत निळी. पोती लावल्याचा मास्तरांना आनंद झाला. मी ज्योतीसमोर बसले, विझायची वाट बघत. ती विझेना. मास्तरांनी मला विचारायचं ते विचारून घेतलं, मॅट्रिकला कुठले विषय होते, गणित होतं का. मी उत्तरं देत होते आणि बघत ज्योतीकडं होते. बेकरीवरून दुसरं खोकं ओट्यावर आलं. खारी संपली. ज्योत निळीच. आई दाराच्या चौकटीला टेकून उभी होती, सकाळपासून पहिल्यांदा टेकली होती.

मग आत्याला वास आला. ती पदरातली पिलं मुलाच्या आईच्या पदरात ओतून उठली, सरळ आली, मुलाच्या हातातलं झाकण काढून घेतलं, फळीशी चढून डब्याला घट्ट पिळून लावलं आणि परत जाऊन बसली. मुलगा रिकामे हात कुठं ठेवावेत या विचारात राहिला. मी ज्योतीकडं बघत होतेच. थोड्या वेळानं तिच्या कडेला पिवळं आलं.

त्या क्षणी मला काही समजलं असं नाही. मला फक्त सकाळपासूनचं सगळं ओळीनं आठवलं. बाबूनं वात बदलली, पण त्याआधी डबा उघडला होता. पाणी काढलं तेव्हा डबा उघडला होता. नळी काढली तेव्हाही. प्रत्येक वेळी आम्ही डबा उघडून परत लावला होता, आणि ब्रूडर थोडा वेळ चालून बंद पडला होता. ज्योत आता थरथरायला लागली होती. मी उठले, फळीशी गेले आणि झाकण सैल केलं. डब्यातून आवाज आला, सुस्स, कुणी धापेत श्वास आत ओढावा तसा. हा आवाज सकाळपासून दर वेळी आला असणार, पण गडबडीत कुणाचं लक्ष गेलं नव्हतं. मागं आई म्हणाली, "मोठी झाली बघ." ज्योत मोठी झाली होती.

मी झाकण लावलं. सगळे ज्योतीकडं बघायला लागले, मास्तरसुद्धा. ज्योत बारीक होत गेली. काढलं. सुस्स. ज्योत वर. मग मी झाकण घेऊन अंगणात उजेडात गेले. मधोमध सुईच्या टोकाएवढं भोक होतं आणि ते पांढऱ्या कशानं तरी बुजलेलं होतं. नखानं खरवडून वास घेतला. धुण्याचा साबण.

मास्तर माझ्या खांद्यावरून बघत होते. ते म्हणाले, तेलाच्या डब्याला दुकानदार दोन भोकं पाडतो ना, एकातून तेल येतं, दुसऱ्यातून हवा जाते. हवा आत गेली न्हाई तर तेल बाहेर येत न्हाई. मी मान हलवली. आमच्या डब्यातून रॉकेल उतरत होतं, पण त्याच्या जागी हवा आत जात नव्हती, म्हणून डबा आतल्या आत रॉकेल धरून ठेवत होता. आणि आम्ही तो जितका काठोकाठ भरत होतो तितका तो लवकर अडत होता. हे सगळं मी मोठ्यानं बोलून दाखवलं, मास्तरांना की स्वतःला कोण जाणे.

"साबण कुणी लावला?" आईनं विचारलं.

आत्यानं पदरातल्या पिलाला गोंजारत सांगितलं, "मी. काल धुणं धुताना. त्या भोकातनं वास येत हुता, म्हणून लिंपलं. आन् मग वास बंद झाला का न्हाई?"

मग मुलाची आई हसायला लागली. मांडीवरची पिलं उडायला लागली इतकी ती हसली. मास्तर हसले, मामा हसला. मुलगाही हसला, आणि त्याचं हसू चांगलं होतं हे मी मान्य करते. सगळ्यांत शेवटी आई हसली. हसता हसता ती चौकटीशी खाली बसली आणि पदर तोंडाला लावून तशीच हलत राहिली. नंतरचं हसू नव्हतं हे मला समजलं, कारण सकाळची पिलं तिनं अजून तशीच फडक्यात झाकून ठेवली होती. आत्या उठली, तिच्याजवळ जाऊन बसली आणि तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. दुसऱ्या दिवशी दोघींनी मिळून ती पिलं लिंबाखाली पुरली. बाकीची जगली. त्यांची पुढं अंडी झाली, अंड्यांचा धंदा झाला, आणि आई परत कुणाच्या वावरात गेली नाही.

पाहुणे शेवटच्या गाडीनं गेले. मामा मुक्कामाला राहिला. दादांना यायला उशीर झाला होता; ते उतरले ती गाडी आणि पाहुणे चढले ती गाडी स्टँडवर समोरासमोरच उभी असणार, पण त्यांची भेट झाली नाही. दादा घरी आले तोवर अर्ध्या गल्लीनं त्यांना सगळी गोष्ट सांगून टाकली होती. तरी ते हातपाय धुऊन सरळ शेडमध्ये गेले. ब्रूडर भुरभुरत होता, पिलं गोल करून पडली होती. दादा उकिडवे बसले आणि जरा वेळ नुसते बघत राहिले. मला वाटलं आता ते कॉक बघतील, नळी हलवून बघतील, माझा एखादा सैल राहिलेला सांधा पकडतील. लोकोशेडच्या माणसाला दुसऱ्यानं केलेलं काम असंच बघायची सवय असते.

"काय काय केलंस?" त्यांनी विचारलं. "पहिल्यापास्नं सांग."

मी सांगायला लागले. वात, पाणी, नळी, पोती, झाकण. एखादी पायरी मी घाईत सांगून पुढं गेले की ते हात वर करून थांबवायचे आणि मी मागं जाऊन ती परत सांगायची. पाण्याचा मणी सापडला तेव्हा तू तिथंच का थांबली न्हाई, असं त्यांनी विचारलं. मी म्हणाले, परत विझला म्हणून. झाकण काढल्यावर आवाज आला तो कसा होता, हेही विचारलं. मी तोंडानं करून दाखवला. दादांना हसू आलं. मग बराच वेळ आम्ही दोघं तसेच छत्रीच्या उबेत बसून राहिलो. आत आत्या भाकऱ्या थापत होती, त्याचा आवाज भिंतीपलीकडून येत होता. दादा माझ्याकडं बघत होते आणि मला जरा अवघडल्यासारखं झालं, कारण एवढा वेळ त्यांनी माझ्याकडं कधी बघितलं नव्हतं. सुट्टीत घरी येणारा माणूस, त्याला खाऊन-झोपूनच वेळ पुरायचा नाही.

सकाळी मी पिलांचं पाणी बदलत होते. पत्र्यापलीकडं अंगणात मामा आणि दादा चहा घेत होते. मामा सांगत होता की मंडळींना पोरगी पसंत आहे, आईला तर फारच, त्यांनी गाडीत बसताना तसं बोलून दाखवलंय, आता तुम्ही तेवढं हो म्हणा. मी हातातलं भांडं तसंच धरून उभी राहिले. दादांनी कपबशी खाली ठेवल्याचा आवाज आला.

"माणसं चांगली हायेत," ते म्हणाले. "पण त्यांना सांग, पोरगी शिकतीय अजून."

मामा म्हणाला, दाजी, शिकतीय म्हंजी कुठं? दादांनी चहा आणखी मागितला. मी तेव्हा कुठंच शिकत नव्हते. जूनमध्ये कॉलेज उघडलं, आणि मग शिकायला लागले.